सामाईक खात्यातलं इंग्रजी

‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ हे अर्थशास्त्रातलं फार मानाचं नियतकालिक. 2006 साली त्यात कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांचा एक लेख छापून आला. विषय काय, तर मुंबईतल्या दादरच्या शाळा. तिथली घरं मुलांना मराठी माध्यमात घालतात की इंग्रजी, आणि त्यामागे काय असतं, हे त्यांनी वीसेक वर्षांचा काळ धरून तपासलं. 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर इंग्रजी येणाऱ्यांची कमाई झपाट्याने वाढत होती. तरीही ज्या जातींतले पुरुष पिढ्यान् पिढ्या कामगार म्हणून राबत आले होते, त्या घरांतले मुलगे मोठ्या प्रमाणात मराठी शाळेतच राहिले. ओळखीपाळखीने काम मिळवून देणारी जातभाईंची साखळी त्यांना त्याच कामांकडे ओढत होती. मुली मात्र इंग्रजी शाळांत गेल्या. त्या साखळीत बायकांना मुळात जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना धरून ठेवणारंही काही नव्हतं.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून मी हा लेख वाचला. समीकरणं मला त्या वेळी पुरती कळली नव्हती, निष्कर्ष मात्र पहिल्या दोन पानांतच कळला, आणि पुढची सगळी पानं वाचताना मला माझा दादा दिसत राहिला. आम्ही दादरचे नाही, आमच्या घरात कोणी कधी कापडगिरणीत कामाला गेलं नाही. आमचं गाव चांदवड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. जमीन चार एकर, एक विहीर, आणि कांदा. पण भाऊ जिथल्या तिथे राहिला आणि बहीण इंग्रजीच्या वाटेला लागली, हे चित्र आमचंच होतं. सातासमुद्रापार छापलेल्या तक्त्यांत आपलं घर सापडावं, याचं मला किती तरी दिवस नवल वाटत होतं.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गणित त्याचंच चांगलं. मी नववीत असताना वर्गसमीकरणं मला त्यानेच शिकवली, तीही वहीत नाही, ओट्यावर खडूने. 2018 साली तो बारावी झाला आणि नाशिकला बी.एस्सी.ला लागला. ते वर्ष आमच्याकडच्या कोणालाही विसरता येणार नाही. पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने राज्यातले 151 तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. पीक कमी म्हणजे भाव तरी चढेल, तर तेही नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडून होता, नवा लाल कांदा बाजारात यायला लागला आणि भाव कोसळले. त्याच हिवाळ्यात निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हातात आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. ती बातमी देशभर गेली. आमच्या घरातली गोष्ट अर्थातच कुठे छापून आली नाही. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर त्याच वर्षी धरली, मजुराला द्यायला पैसे नव्हते, आणि दिवाळीला घरी आलेला दादा परत नाशिकला गेला नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. माझं शिक्षण थांबवावं असं घरात कोणी बोललं नाही. चुलत्यांनी एकदा विषय काढला होता, “पोरीचं पाहून घ्या आता,” म्हणून. दादानेच त्यांना सांगितलं, “ती शिकंल काका, तिचं मी पाहतो.” एवढंच. आमच्या घरात फार बोलायची पद्धत नाही.

पुढे अर्थशास्त्र शिकायला लागल्यावर मला थिओडोर शुल्ट्झ हे अर्थशास्त्रज्ञ पुस्तकांतून भेटले. शिक्षण म्हणजे उपभोगाचा खर्च नाही, ती माणसात केलेली गुंतवणूक आहे, हा विचार त्यांनी 1960 च्या अखेरीस अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात ठामपणे मांडला. 1979 साली त्यांना नोबेल मिळालं. या गुंतवणुकीचा खर्च कसा मोजायचा? फी, पुस्तकं, राहण्याचा खर्च, आणि सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे शिकत असताना विद्यार्थ्याने सोडलेली कमाई. वर्गात हे शिकताना मी वहीच्या समासात माझा हिशोब मांडून पाहिला. फी लिहिली, खोलीचं भाडं लिहिलं, मेसचे पैसे लिहिले. सोडलेली कमाई या रकान्यापाशी थांबले. मी घरी राहिले असते तर काय कमावलं असतं हे लिहिता येत होतं, पण ती रक्कम लहान होती. खरी मोठी रक्कम दादाची होती. त्याचं बी.एस्सी., त्यानंतरची त्याची नोकरी, त्या नोकरीतली बढती. ती माझ्या शिक्षणाची किंमत होती, आणि ती माझ्या नावापुढे कुठल्याच सूत्राने लागत नव्हती.

या सिद्धांताला चूक ठरवण्याएवढा माझा अभ्यास नाही आणि तसं मला म्हणायचंही नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की शिकणारा एक आणि त्याचा फायदा घेणाराही तोच, असा हिशोब आमच्यासारख्या घरांत बसत नाही. सातबाऱ्यावर जशी सामाईक खात्यात सगळ्यांची नावं लागतात, तसं माझ्या इंग्रजीवर नानांचं, आईचं आणि दादाचं नाव लागायला हवं. हे भावनेपोटी म्हणत नाही. पैसे कोणाचे गेले आणि वर्षं कोणाची गेली, हे पाहिलं की तेच निघतं.

आता इंग्रजीबद्दल. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे माझ्या पिढीला ते शाळेत पहिल्या दिवसापासून होतं. पण पहिलीपासून बी.ए.पर्यंत मी इंग्रजी कधी बोलले नाही. बोलायला कोणी नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र मराठीत झालं, आणि चांगलं झालं. आमच्या सरांनी उदासीनता वक्र (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणारी रेषा) शिकवताना बाजरी आणि गव्हाच्या पोत्यांचं उदाहरण घेतलं होतं, ते मला आजही पुस्तकातल्यापेक्षा स्पष्ट आठवतं. मराठीत शिकल्यामुळे विषय कच्चा राहिला असं जे म्हणतात, त्यांच्याशी मी कधीच सहमत होणार नाही. अडचण पुढे येते. संशोधनाचे लेख इंग्रजीत, प्राध्यापक व्हायला लागणारी नेटची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत, सरकारची कागदपत्रं आधी इंग्रजीत. तुमचा विषय पक्का असतो आणि दार मात्र दुसऱ्याच भाषेत उघडतं.

पुण्यात आल्यावर पहिले काही महिने मी वर्गात मागच्या बाकावर बसायचे. ‘कमवा व शिका’ योजनेतून ग्रंथालयात काम मिळालं होतं. पुस्तकं जागेवर लावायची, नोंदी करायच्या. त्या कामाचा पैसा मेसला जायचा, पण त्याहून मोठं काही मिळालं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक हाताखालून जायचे. तिथे मी माझी वाचायची पद्धत बसवली. लेख उघडला की आधी मजकूर वाचायचाच नाही. तक्ते पाहायचे. आकड्यांना इंग्रजी लागत नाही. कोणता आकडा वाढला, कोणता घटला, कुठे काहीतरी वेगळं घडलं, हे आपल्या मनाने ठरवायचं. मग त्या तक्त्याच्या आगेमागे लेखकाने काय लिहिलंय ते शोधायचं. माझा अंदाज बरोबर असेल तर वाक्य आपोआप उलगडायचं, आणि अंदाज चुकला असेल तर का चुकला हे पाहण्यासाठी ते वाक्य दहा वेळा वाचलं जायचं. असं करत करत मला कळलं की अर्थशास्त्राच्या लेखांतलं इंग्रजी फार मोठं नसतं. तेच तेच शब्द, त्याच त्याच रचना पुन्हा येतात. वर्षभरात ते हातात बसतं. मराठी माध्यमातून आलेल्या कोणी विचारलं तर मी हेच सांगते: तक्त्यापासून सुरुवात करा.

बोलणं मात्र त्याने येत नाही. ते मला दिलं इथिओपियाहून आलेल्या एका मैत्रिणीने. ती पुण्यात शिकायला आली होती, तिला हिंदी येत नव्हतं, मराठी तर नाहीच. माझं इंग्रजी तुटक, तिचंही तिसऱ्या भाषेतून आलेलं. दोघींपैकी कोणीच कोणाची चूक काढू शकत नव्हतं, म्हणून भीती गेली. एका संध्याकाळी तिने विचारलं, तुझ्या घरी काय पिकतं? कांदा म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, आमच्याकडे कॉफी. त्यानंतर आम्ही रात्रीचं जेवण विसरून बोलत राहिलो. तिचं घरही लहान शेतकऱ्याचं. 2008 साली अदिस अबाबाला ‘इथिओपिया कमॉडिटी एक्स्चेंज’ सुरू झालं, कॉफीचा व्यापार त्यातून व्हायला लागला, भाव फलकावर दिसायला लागले, हे ती सांगत होती. मी तिला आमचा उघडा लिलाव सांगितला. पहाटे ट्रॉली रांगेला लावायची, व्यापारी वर चढून कांदा हातात घेऊन चोळून पाहणार, पत्ती म्हणजे वरची साल किती, साईज काय, आणि मग एका मिनिटात भाव फुटणार. हमाली, तोलाई वजा होऊन हिशोबपट्टी हातात. हे सगळं मी इंग्रजीत सांगत होते, आणि सांगताना मला शब्द शोधावे लागत नव्हते, कारण सांगायचं काय हे मला पुरतं ठाऊक होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की ही भाषा मला येते.

आणि मग 2023 चा डिसेंबर आला.

ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच. 7 डिसेंबरच्या रात्री निर्यातच बंद केल्याची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. तो आणि नाना लाल कांद्याची ट्रॉली घेऊन मार्केटला उभे होते. लिलाव बंद पडलेले. कोणी म्हणत होतं महिन्यापुरतं आहे, कोणी म्हणत होतं पुढच्या हंगामापर्यंत. दादाने व्हॉट्सअॅपवर दोन पानांचा कागद पाठवला आणि म्हणाला, “नाना इचारू राह्यले, यात काय लिहिलंय ते नीट सांग.” मी वाचायला लागले. त्याने फोन स्पीकरवर टाकला. मागून माणसांचे आवाज, ट्रॅक्टर, कोणीतरी ओरडलं, “गप ऱ्हा रे, पोरगी वाचू राह्यली.”

मी सांगितलं: निर्यात 31 मार्च 2024 पर्यंत बंद. मग सवलतींची कलमं. अधिसूचना निघायच्या आधी जहाजावर माल चढायला लागला असेल तर तो जाऊ शकेल. माल कस्टमच्या ताब्यात दिलेला असेल तर तोही. पुन्हा कोणीतरी विचारलं, “आन् ट्रॉलीतल्या मालाचं काय?” मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ट्रॉलीतल्या मालाबद्दल त्यात काही नव्हतं. सवलत होती ती माल बंदरापर्यंत पोचवलेल्याला. शेतातून काढून, पत्ती चोळून, पहाटे तीनला रांगेत आणून उभा केलेला माल त्या कागदाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. हे मी सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नानांचा आवाज आला, “बरं झालं बाई, नक्की कळलं तरी. चला, माघारी.”

त्या दिवसांत चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, आंदोलनं झाली. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही, चाळीत भरून वाट पाहता येत नाही. मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. आम्हीही दिला. मार्चमध्ये बंदी आणखी वाढवली गेली आणि 4 मे 2024 ला उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क कायम ठेवून. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे हे मला मान्य आहे. पुण्यात मीही विकत घेऊनच खाते. पण भाव चढला की एका रात्रीत दार लावायचं आणि पडला की शेतकऱ्याने बाजाराचा नियम समजून घ्यायचा, या धोरणात मला न्याय दिसत नाही, आणि अर्थशास्त्र शिकल्यावर तर मुळीच दिसत नाही.

त्याच सत्रात माझा सेमिनार होता. मी कॉबवेब सिद्धांत घेतला. 1934 साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी त्याला हे नाव दिलं. गेल्या हंगामाच्या भावावरून शेतकरी या हंगामाची लागवड ठरवतो. भाव चढलेला असेल तर सगळेच लावतात, मग माल जास्त होऊन भाव पडतो, पुढच्या वेळी लागवड कमी, पुन्हा भाव चढतो. आलेखावर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. पुस्तकांत हे उदाहरण बरेचदा अशा सुरात येतं की शेतकऱ्याला पुढचं दिसत नाही. 1961 साली जॉन म्यूथ या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याच ठिकाणी आक्षेप घेतला: माणसं पुन्हा पुन्हा एकाच दिशेने चुकत राहतील असं का धरायचं? वर्गापुढे इंग्रजीत उभी राहून मी म्हणाले की माझ्या वडिलांना पुढचं दिसतं. सगळे उळं, म्हणजे कांद्याच्या रोपांसाठी बी, टाकतायत हे त्यांना बांधावरून दिसतं. भाव पडू शकतो हेही ठाऊक असतं. पण चार एकरांत, एका विहिरीच्या पाण्यावर, सोसायटीचं पीककर्ज फेडायला तीन-चार महिन्यांत हातात पैसा देणारं दुसरं पीक त्यांच्यापाशी नाही. त्यात निर्यातीचा निर्णय हंगामाच्या मध्यावर बदलतो, त्याचा अंदाज म्यूथच्या गणितातल्या कुठल्या शेतकऱ्याला बांधता आला असता? मॅडमनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. काही उत्तरं व्याकरणाच्या बाजूने लंगडी असतील. मुद्दा लंगडा नव्हता.

सेमिनारची तयारी करताना मी बाबासाहेबांचा 1918 सालचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचला. अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून बाबासाहेब मला तोवर नीट माहीत नव्हते, हे आमच्या अभ्यासक्रमांचं दुर्दैव. कोलंबिया आणि लंडन इथे अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस त्यात म्हणतो की जमीन नुसती एकरांवरून लहान-मोठी ठरत नाही; तिच्यावर किती माणसं आणि किती भांडवल लागलंय त्यावरून ठरते. जमिनीचे तुकडे एकत्र करून दुखणं बरं होणार नाही, शेतीवर नाइलाजाने बसलेल्या जादा माणसांना उद्योगांत काम मिळालं तरच होईल. वाक्यं लहान, धारदार, एकही शब्द जास्तीचा नाही. त्यांच्या वडिलांनी, रामजींनी, मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतली होती. सुभेदाराच्या तुटपुंज्या पेन्शनीत मुलासाठी पुस्तकं आणणारा तो बाप मला त्या निबंधाच्या ओळींमागे उभा दिसत होता. आणि चार एकरांवर नानांच्या जोडीला बसलेला दादाही.

2013 साली भारतातल्या इंग्रजीच्या मोलावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2005 च्या सर्वेक्षणावरून त्यात दिसतं की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची मजुरी इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी 34 टक्क्यांनी जास्त, आणि थोडंफार बोलणाऱ्यांची 13 टक्क्यांनी. उद्या मला नोकरी लागली, की त्यातला इंग्रजीने मिळालेला वाटा घरी जायला हवा, असं मी आईला एकदा म्हणाले. मार्च 2023 पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे पुण्याहून माझं घरी जाणं बरेचदा होतं, आणि अशी बोलणी आईशी चुलीपुढेच होतात. ती भाकरी थापत होती. तिला माझं बोलणं आवडलं नाही. “वाटा कशाला म्हणती? घरचं ते घरचं.” मला वाटतं माझ्या मुद्द्यापेक्षा तिचा मुद्दा भक्कम आहे. तरी पैसे मी देणारच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला: शेतकरी घरांत एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचं शिक्षण कसं थांबतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत शाळा-कॉलेज सोडण्याची कारणं विचारली आहेत. पुरुषांत अर्थार्जन हे मोठं कारण, बायकांत घरकाम. दादाची नोंद अर्थार्जनाच्या ओळीत गेली असती. कोणासाठी सोडलं, हे त्या ओळीतून कळलं नसतं. म्हणून मी माझी प्रश्नावली केली आणि गावात फिरण्याआधी दादावरच ती तपासून पाहिली. क्षेत्र किती, पाणी किती, कर्ज किती, याची उत्तरं त्याने पटापट दिली. कोणाच्या शिक्षणासाठी थांबला, या प्रश्नावर माझ्याकडे न पाहता म्हणाला, “लिही ना, तुला माहितीये.” मग कागद माझ्या हातातून घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “परत शिकायचंय का, हे कुठं विचारलंस?”

विचारलं नव्हतं. तो प्रश्न वाढवला. त्याचं उत्तर ‘हो’ आहे.

मुक्त विद्यापीठाचे प्रवेश सुरू व्हायच्या बेतात होते, मी त्याला माहितीपत्रक पाठवलं. बी.कॉम. करावं असं त्याच्या मनात आहे. इंग्रजीची त्याला धास्ती आहे, बारावीनंतर सुटलेलंच आहे ते. मी म्हटलं, तक्त्यांपासून सुरू करू, लासलगावच्या कांदा बाजारातल्या आवक-भावाच्या तक्त्यांपासूनच. विहिरीवर रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात पहाटे पाणी भरून झाल्यावर, नाहीतर संध्याकाळी सातला फोन करायचा, असं आमचं ठरलंय.